दिसेपर्यंत बसायचं

१२ जानेवारी

बारक्या,

मागच्या वेळी मी फोन आपटला, त्याबद्दल माफीबिफी मागणार नाही. तूही काही कमी ओरडत नव्हतास. फोनवर आपलं कधी धड होत नाही. औषधांपासून सुरू होतं आणि भांडणावर येतं. म्हणून आता कागद. कागदावर समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, तेवढंच बरं.

आधी कामाचं. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेतून निरोप आलाय. मार्चपासून बाबांसाठी जागा होते आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत ते आपल्या होकाराची वाट बघतील, मग ती दुसऱ्या कोणाला जाईल. तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे, "घर असताना बाबांना परक्यांच्या हाती द्यायचं नाही." घर आहे, खरं आहे. घरात मी आहे, हेही खरं आहे. पण माझ्यात आता काय उरलंय, हे कोणी विचारत नाही. आई जाताना मी तिला शब्द दिला होता की बाबांचं काहीही एकटीने ठरवणार नाही. तेव्हा हो की नाही, ते तुला सांगावं लागेल.

आता दुसरं. तुझा तो दारवाला चित्रपट मी पाहिला.

पाहायला म्हणून गेलेच नव्हते. गुरुवारी माझी पाळी दुपारी संपते आणि कामाच्या मावशी बाबांजवळ संध्याकाळपर्यंत असतात. एरवी मी सरळ घरी जाते. त्या दिवशी एक्स-रे विभागातून बाहेर पडले आणि पाय घराकडे वळेचनात. दवाखान्यामागे ते जुनं थिएटर आहे ना, तिथे दुपारी गर्दी नसते, गारवा असतो. म्हटलं, तिकीट काढावं आणि आत जाऊन झोपावं. शेवटची रांग पकडली, चपला काढल्या, पर्स उशाला घेतली. डोळे मिटले तर पडद्यावर कोणी बोलेचना. कोणी बोललं असतं तर त्या आवाजात मला झोप लागली असती. शेवटी वाटलं यंत्र बंद पडलं, म्हणून डोळे उघडले. एक म्हातारी घराचं दार बिजागऱ्यांतून काढत होती.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी चढतंय, गाव रिकामं होतंय. लोक भांडी नेतायत, गाद्या नेतायत, ही दार नेते. दोरीने पाठीला बांधते आणि चालू लागते, आणि मग चालतच राहते. ही गोष्ट आमच्या विभागात सांगितली तर सगळे हसतील असं मला वाटलं होतं. सांगितली, हसले. पण वारा येतो आणि ते दार तिला गरकन मागे फिरवतं, तो भाग मला कोणालाच सांगता आला नाही. जायचं असतं एकीकडे आणि वारा तिचं तोंड करतो भलतीकडे. ती चिडत नाही. वारा पडेपर्यंत तशीच उभी राहते आणि मग परत वळते. तिथे मला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून रडले, शेवटच्या रांगेत, चपला काढून.

आणि तो करडा रंग! करड्या रंगाचं मला काय कौतुक असणार, माझं पोट त्यावर चालतं. दिवसभर लोकांची हाडं करड्यातच बघते. पण ते माळरान आणि ते आभाळ असं होतं की कोणीतरी कपाळावर हात ठेवावा. शेजारीणबाईंना मी सांगते की माझा भाऊ चित्रपटांचे रंग सांभाळतो, तर त्या समजतात तू थिएटरच्या भिंती रंगवतोस. आता मी त्यांना हात धरून नेणार आहे.

शेवटी ती उंचावर पोचते, दगडांच्या आधाराने दार उभं करते. ना भिंत, ना छप्पर. दारावर थाप मारते, वाट बघते, मग स्वतःच उघडून आत जाते आणि आडवी होते. मग अंधार. संपलं समजून दोघंतिघं उठले, मीही चपला शोधायला लागले. चपला राहिल्या तिथेच. त्या काळ्यात काहीतरी होतं. आधी वाटलं माझे डोळे थकलेत. मग गालाची कड आली, मग कपाळ, मग डोळे, उघडे. म्हातारी आपल्याकडे बघत होती. आणि ती तेव्हा आली नव्हती रे. अंधार झाला तेव्हापासून ती तिथेच होती, मलाच दिसायला उशीर लागला. मी हात जोडले. कोणाला, ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

मग नावं आली, त्यांत तुझं नाव गेलं. दिवे लागले तरी मी बसून होते. झाडायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, संपला." मी म्हटलं, "हो, बसू द्या जरा."

घरी आले तर मावशी फुगलेल्या. बाबा खिडकीशी, बोटांनी हवेत दुकानातली कात्री चालवत. मी स्टूल ओढून समोर बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. किती दिवसांत मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. भरवते, पुसते, बदलते, बघत नाही.

तो अंधार तू कसा केलास, ते लिही. संस्थेचं सावकाश कळव, अजून वेळ आहे.

ताई


२६ जानेवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कोणाचं आहे. लहानपणी मी पडद्यावर कोणी मेलं की भोकाड पसरायचो आणि तू मला चिमटे काढायचीस. आता तू पदर कोंबून रडतेस. वय झालं तुझं.

अंधाराचं विचारलंस म्हणून सांगतो. तू ज्याला हात जोडलेस ती माझी चूक आहे.

आमची खोली तू पाहिली नाहीस. खिडकी नाही, भिंती करड्या, समोर मोठा पडदा आणि त्याच्यामागे एक मंद दिवा. तो दिवा कायम चालू ठेवायचा असतो. नाहीतर डोळे अंधाराला सरावतात आणि अंधुक गोष्टीही लख्ख वाटायला लागतात. या धंद्यातला हा पहिला धडा. त्या आठवड्यात माझं डोकं इतकं दुखत होतं की तो दिवाही सहन होईना. मी तो बंद केला आणि म्हातारीचा शेवटचा प्रसंग घेऊन बसलो. मुळात तिचा चेहरा पहिल्यापासून स्पष्ट दिसायला हवा होता. मी त्याचा उजेड खाली आणत गेलो, आणखी खाली. मला सगळं दिसत होतं, पापणीचा केससुद्धा. बाजूला यंत्राचा आलेख बोंबलून सांगत होता की इथे काही नाही, सगळं काळं आहे. मी म्हटलं, आलेखाला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकाबाईंनी तो भाग मोठ्या पडद्यावर लावला. पडदा काळा ठिक्कर. म्हटलं, नोकरी गेली. बाई बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "याला हात लावू नका." मी खोटं बोललो नाही, पण चूक झाली असंही म्हणालो नाही. मान हलवली. आता लोक मला थोर समजतात. खरं सांगायचं तर मी तो चित्रपट अजून सलग पाहिलेला नाही. तुकड्या-तुकड्यांत, मागेपुढे करून, आवाज बंद ठेवून पाहिलाय. म्हातारीची पाठ मला तिच्या पोरांपेक्षा जास्त माहीत असेल, पण ती चालते कुठे, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यानंतर दोन साबणाच्या जाहिराती केल्या आणि एक लग्नाचा चित्रपट. माझ्या डोळ्यांत आता वाळू भरल्यासारखं असतं. काही सुंदर दिसलं की आधी थकवा येतो. तेव्हा तू रडलीस हे चांगलं झालं. आपल्या दोघांत कोणीतरी एकाने रडायला हवं होतं.

बाबांचं वाचून बरं वाटलं. तू स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसलीस, आता संस्थेचा विषय संपला असं मी समजतो. मला ते नकोच होतं. तुला राग येईल, पण मला काय वाटतं ते सांगतो. दुकानात बाबा केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या खांद्यावर दोनदा थोपटायचे, आठवतं? की गिऱ्हाईक उठायचं आणि बाकावरचा पुढचा यायचा. मला वाटतं, बाबांना तसंच कोणीतरी थोपटलं आणि ते उठून गेले. आता खुर्ची तेवढी आहे. पण आपल्या घरातली खुर्ची आहे. ती तरी आपल्या घरात राहू दे.

पुढच्या महिन्यात जमलं तर दोन दिवस येऊन जातो.

बारक्या


४ फेब्रुवारी

बारक्या,

विषय संपला असं तू समजलास. मी लिहिलं होतं "सावकाश कळव". तू तुला हवं ते वाचलंस. बाबांच्या समोर एक दिवस बसले म्हणून मला शिंगं फुटली नाहीत, की पंखही.

परवाचा दिवस ऐक. सकाळी बाबांचा शर्ट बदलताना त्यांनी माझ्या तोंडावर फटका मारला. डोक्यावरून कपडा गेला की ते घाबरतात, मला माहीत आहे, तरी घाईत मी पुढून उघडणारा शर्ट घेतला नाही. ओठ सुजला. तसाच घेऊन कामावर गेले. तिथे एका बाईंच्या उजव्या हाताचा एक्स-रे काढायचा होता, मी डाव्याचा काढला. त्या सांगत होत्या, "अहो, दुखतोय तो हा," आणि मी म्हणत होते, "हलू नका." आमच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बारक्या, तुझी चूक पडद्यावर गेली तर लोक हात जोडतात. माझी चूक झाली तर एखाद्याचा हात वाकडा बसतो.

मी बाबांना कंटाळले आहे, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी मला कंटाळले आहे. सकाळी आरशात बघते तेव्हा वाटतं हिला कोणीतरी सुट्टी द्या.

आणि ते खुर्चीचं. राग येईल म्हणालास, आला. तू येतोस दोन दिवस. पहिला दिवस प्रवासाच्या झोपेत जातो, दुसऱ्या दिवशी तू बाबांना मोठ्या आवाजात विचारतोस, "बाबा, मी कोण?" ते उत्तर देत नाहीत. मग तू दारात उभा राहून डोळे पुसतोस आणि जातोस. आणि तिकडून कळवतोस की बाबा उठून गेले. तूच लिहिलंस ना, अंधारात खूप वेळ बसलं की पापणीचा केससुद्धा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडातून आलेल्याला सगळं काळं ठिक्कर? मग तू कुठून आलेला असतोस, सांग मला. बाबा आहेत. कुठेतरी आत, खूप खाली, पण आहेत. मला ते दिसायचे. हल्ली थकव्याने मलाही दिसेनासे झाले होते, म्हणून तर त्या थिएटरात एवढी रडले.

चित्रपट मी पुन्हा पाहिला. मावशींना घेऊन गेले, शेजारीणबाई बाबांजवळ बसल्या. मावशी वाऱ्याच्या प्रसंगातच झोपल्या, शेवटी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "ताई, एवढं दार उचलून आणलं तिने आणि भिंत बांधायला कोणी नाही?" मला हसू आलं, मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात राहिलं. तेच तर झालंय माझं. दार मी पाठीवर घेतलंय, कुरकुर नाही. भिंत एकटीने कशी बांधू?

तेव्हा आता माझं ऐक. दोन दिवस येऊ नकोस. तेवढ्यासाठी यायचं असेल तर येऊच नकोस. दिसेपर्यंत बसायला ये. मी इथून जाईन, माझ्या मैत्रिणीकडे, आणि झोपेन. तू बाबांजवळ बस. त्यानंतर तू हो म्हण किंवा नाही म्हण, मी मानेन, एक शब्द बोलणार नाही. पण बसल्याशिवाय दिलेलं उत्तर मला नको.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुला एक कडक उत्तर लिहिलं होतं. मीही काही आराम करत नाही वगैरे. मग ते फाडलं, कारण मी त्या सगळ्यात तुझ्या सुजलेल्या ओठाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. बरा आहे का आता?

काल दुपारी कामावरून पळालो आणि तिकीट काढून आपलाच चित्रपट बघायला बसलो. लाज वाटत होती, स्वतःच्या लग्नाचे फोटो बघायला दुकानात शिरावं तशी. शेजारी एक गृहस्थ कागदाच्या पुडीतून काहीतरी कुरकुरीत खात होते. मी पहिला अर्धा तास रंग तपासत बसलो. आभाळ जरा निळं गेलंय, तिथे सावली फुटलीय, असं. मग वारा आला आणि ते दार तिला फिरवतं, तेव्हा दोरी करकरली. ताई, मी तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला असेल. दोरीला आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मला रंग दिसले नाहीत. मी नुसता तिच्या मागून चालत होतो.

शेवटचा अंधार आला. मागून कोणीतरी म्हणालं, "लाईट गेली काय?" कोणाचा तरी मोबाईल पेटला, त्याला दुसऱ्याने दटावलं. चेहरा कुठे आहे हे त्या सगळ्यांत मला एकट्याला माहीत होतं. मी बरोबर त्या जागी डोळे लावून बसलो. आणि मला दिसेना. सगळ्यांत आधी मला दिसायला हवं होतं, पण इकडेतिकडे लोक "आई गं" करायला लागले, शेजारच्या गृहस्थांची पुडी थांबली, तरी माझ्यापुढे काळंच. मी घाबरलो. वाटलं, डोळे गेले माझे.

मग ऐकू आलं. ती श्वास घेत होती. अंधारभर तिचा श्वास आहे, ताई, सावकाश, मध्ये अडकतो, पुन्हा लागतो. झोपलेल्या बाबांचा लागतो तसाच. तू लिहिलं नाहीस कारण तुला वाटलं असेल मला माहीत आहे. मी आवाज बंद ठेवून एका जिवंत बाईला काळं करत बसलो होतो. मी डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

पुढचं लिहीत नाही. मी ओक्साबोक्शी रडलो. त्या गृहस्थांनी त्यांची पुडी माझ्यापुढे केली. मी घेतलं आणि खाल्लं.

मालकांशी बोललो. बिनपगारी रजा मिळाली. शनिवारी पोचतो. तुझ्या मैत्रिणीला कळव.

बारक्या


१५ फेब्रुवारी, शनिवार

बारक्या,

तू पोचशील तेव्हा मी निघालेली असेन. मुद्दाम. समोरासमोर आलो तर मी तुला सगळं करून दाखवत बसेन आणि मग जाणार नाही. हे टेबलावर ठेवून जाते.

शर्ट पुढून उघडणारेच. जेवण मऊ लागतं. उजव्या गालाकडून भरव, डावीकडे अन्न साठतं. आंघोळीला आधी पायांवर पाणी, मग खांद्यांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी, आणि बोलत राहा, काहीही बोल, पाढे म्हटलेस तरी चालेल. मावशींना सल्ले देऊ नकोस, त्या तुझ्यापेक्षा जास्त दिवस या घरात आहेत. दुपारी ऊन खिडकीत येतं तेव्हा बाबांना तिथे बसव. त्यांना ते आवडतं असं मला वाटतं. मला वाटतं, एवढंच.

"मी कोण" असं विचारू नकोस. माणसाची परीक्षा घ्यायची नाही.

मी फोन करणार नाही. तूही करू नकोस. लिही.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

तू झोपलीस का? तुझ्या मैत्रिणीने मावशींना कळवलं की पहिले काही दिवस तू जेवायलासुद्धा उठत नव्हतीस. मावशी ते मला अशा आवाजात सांगत होत्या की जणू तुला मीच दमवलं. तसं ते खोटं नाही.

पहिला आठवडा मला काही दिसलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तोंडावर फटका मलाही बसला, पुढून उघडणारा शर्ट घेऊनसुद्धा. एकदा जेवण माझ्या अंगावर आलं. एकदा मी न्हाणीघरात बसून मोठमोठ्याने पाढे म्हणत होतो, सातचा पाढा चुकला आणि बाहेरून मावशींनी दुरुस्त केला. संध्याकाळ झाली की माझी कंबर मोडलेली असायची आणि मनात फक्त एवढंच यायचं, की ताई हे करून कामावर जाते. जाऊन डावा हात काढते, यात नवल काय. एरवी उजवा काढतेस, हेच नवल.

मी तिकडे बसून तुला कितीदा "घर असताना" म्हणालो, ते आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं.

मग मी बघणं सोडून दिलं. तुझं स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसायचो, त्यांचा श्वास ऐकायचो. बोटं चालतात ना त्यांची हवेत, ती बघायचो. मला वाटायचं, ती सवय आहे, रिकामी. पण ती कात्री थांबते, ताई. मध्येच थांबते, डावा हात वर येतो आणि हवेतली एक बट धरतो, मग उजवा चालतो. ते नुसतं हलवत नाहीत. कोणाचे तरी केस कापतायत.

संस्थेला मी हो कळवलं आहे. तुला हे वाचून धक्का बसेल, की सुटल्यासारखं वाटेल, मला माहीत नाही. मी नाही म्हणत होतो तेव्हा माझ्या मते बाबा नव्हतेच, आणि जो नाही त्याला घरात ठेवायला माझं काही जात नव्हतं. आता ते आहेत असं दिसतंय. आहेत, म्हणून त्यांच्याजवळ झोप झालेली माणसं पाहिजेत. मी जाऊन ती जागा बघून आलो. खिडक्या मोठ्या आहेत. तिथल्या बाईंना मी शर्टाचं, उजव्या गालाचं आणि पाढ्यांचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दर महिन्याला एक आठवडा मी इथे येणार, हे मालकांशी ठरवूनच टाकलंय. त्या आठवड्यात बाबा घरी, आपल्याकडे. बाकी दिवस तू जा, मनात येईल तेव्हा, खुर्ची घेऊन बस. बसायलाच जा.

आता आजचं. हे लिहायला म्हणूनच बसलो होतो, पण बाकीचं संपवल्याशिवाय लिहवेना.

दुपारी ऊन खिडकीत आलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बसलो होतो. काही विचारलं नाही. माझीच डुलकी लागत होती. अचानक हनुवटीला काहीतरी लागलं. बाबांनी दोन बोटांनी माझी हनुवटी धरली होती. दुकानात धरायचे तशीच, घट्ट पण न दुखेल अशी. त्यांनी माझं तोंड खिडकीकडे वळवलं, उजेडात. डावा कल्ला बघितला. मग उलटं वळवून उजवा बघितला. पुन्हा डावा. दोन्ही सारखे आहेत का, ते बघत होते. माझे नव्हतेच सारखे, आठवडाभर आरसा पाहिला नव्हता. ताई, त्यांच्या डोळ्यांत इतकं लक्ष होतं की मी श्वास घ्यायला घाबरलो. मी जन्मभर अंधारात बसून लोकांच्या तोंडांवर उजेड टाकतो. माझ्या तोंडावर उजेड धरून इतकं कोणी बघितलं नव्हतं. मी कोण, ते त्यांना कळलं असेल असं मी म्हणत नाही. बहुतेक मी गिऱ्हाईकच होतो. पण चांगलं कापायचं होतं त्यांना माझं.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. झालं, उठा.

मी उठलो. काय करणार, ताई, थोपटल्यावर उठावंच लागतं. बाजूला झालो आणि भिंतीला टेकून रडत उभा राहिलो. बाबांनी मान वर केली आणि दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. दुकानात बाकाकडे बघायचे तसंच, पुढचं कोण आहे ते. खुर्ची रिकामी होती. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग बोटं मांडीवर ठेवून दिली.

झोप पुरी झाली की ये. घाई नाही. पण तुझा नंबर लागलाय.

बारक्या